कच्चं मडकं

(आळंदी, कार्तिक वद्य एकादशी. सेवेसाठी घेतलेला ताटीचा अभंग गाऊन झाल्यावर.)



बसा, बसा. मागची मंडळी थोडी पुढे सरका, बाहेर थंडी आहे आणि दारातल्या माउलींच्या पाठीला वारं लागतंय. टाळकऱ्यांनी टाळ मांडीवर घ्या.

अभंग तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग ज्याने ऐकले नाहीत, असा वारकरी आज आळंदीत शोधून सापडायचा नाही. म्हणून एकेका शब्दाचा अर्थ करत बसत नाही. मला आज एवढंच विचारायचं आहे, की ताटी लागली कशामुळे? ताटी म्हणजे काय हो? काटक्यांचं, बांबूचं विणलेलं दार. गरिबाच्या झोपडीचं दार. त्याला अडसर नाही, कुलूप नाही. पायाचा धक्का लागला तरी आडवं होईल असलं ते दार, आणि ते ज्ञानोबारायांनी आतून लावून घेतलं. तलवार घेऊन कोणी मागे लागलं होतं का? नाही. वाघ आला होता का? पुढे चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा याच माउलींनी भिंत चालवली. वाघाला ते भ्याले नाहीत. पण एका शब्दाने दार लावून आत बसले.

तो शब्द कोणता, ते तुम्हाला माहीत आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, चार लेकरं झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. गावाने वाळीत टाकलं. धर्मसभेने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि आईबापांनी ते घेतलं. मागे राहिली ही चार पोरं, आणि त्यांच्यामागे राहिले दोन शब्द. 'संन्याशाची पोरं.'

आता बघा, यात शिवी कुठे आहे? संन्यासी हा शब्द पूज्य आहे, आपण हात जोडतो. पोर हा मायेचा शब्द आहे, आई लेकराला पोरा म्हणते. दोन्ही शब्द चांगले. पण हे दोन चांगले शब्द एकत्र बांधले आणि भिक्षेला आलेल्या मुलाच्या तोंडावर फेकले. शिवी शब्दात नसते हो नेहमी. शिवी फेकणाऱ्याच्या हातात असते.

झोळी रिकामी घेऊन ज्ञानदेव परत आले. इथून जवळच ते सिद्धबेट आहे, इंद्रायणीच्या काठाला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी उद्या सकाळी जाऊन या. तिथल्या झोपडीत शिरले आणि ताटी लावली. आणि बाहेर उभी राहिली कोण? धाकटी बहीण. परंपरेने मुक्ताईचा जन्म शके १२०१ चा धरतात. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ ला. म्हणजे केवढी ती पोर! आज आपल्या घरात तेवढी मुलगी पाचवी-सहावीत असते, तिला आपण दुकानात एकटी पाठवत नाही.

तिने काय करायला पाहिजे होतं? तुमच्या-आमच्या हिशेबाने तिने दोन गोष्टी करायच्या. एक, 'कोण बोललं रे दादा तुला? चल, त्याच्या दारात जाऊ आणि त्याला जाब विचारू.' नाहीतर दुसरी, 'जाऊ दे रे दादा, लोक असेच, तू रडू नको.' तिने दोन्ही केलं नाही. ती दादालाच बोलली. तू योगी ना? मग योग्याने कसं असावं, हे मी तुला सांगायचं का? आपल्याच दातांखाली आपली जीभ सापडते, म्हणून कोणी दात पाडून घेतं का, अशा अर्थाचं विचारते ती. विठ्ठल, विठ्ठल! ही कानउघाडणी आहे माउली. पण कशी? दाराच्या बाहेर उभी राहून, दोघांच्या मध्ये, तिसरा माणूस नाही. आणि पुन्हा पुन्हा त्याचं नाव घेऊन, ते ईश्वराचं नाव आहे याची आठवण देऊन. बोलणं कडक, पण ते सगळं दार उघडण्यासाठी आहे.

(विठोबा-रखुमाईचा गजर)

आपल्या मराठीला या बाबतीत काही कमी नाही. माणसाला बोलून फाडायचं म्हटलं तर मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे जेवणाच्या पदार्थांना नसतील. मी एकदा सप्ताहात रिकामा बसलो होतो, दुपारचं भजन चालू होतं, तेव्हा बोटं मोजायला लागलो. दोन्ही हातांची बोटं संपली.

ऐका. खरडपट्टी काढली. सालटी काढली. पिसं काढली. वाभाडे काढले. लक्तरं वेशीवर टांगली. कोरडे ओढले, आसूड ओढले. कोरडा म्हणजे चाबूक, बरं का, लहान मुलांना वाटतं कोरडा म्हणजे सुका. ताशेरे झाडले, म्हणजे बंदूकच झाडली. धारेवर धरलं. बिनपाण्याने केली. न्हावीदादा दाढीला पाणी लावतो, साबण लावतो, मग वस्तरा फिरवतो. हा तसाच फिरवतो, कोरडा. या सगळ्या शब्दांत काय निघतंय ते पाहा. साल निघतेय, कातडं निघतंय, केस निघतायत, अंगावरचं कापड निघतंय. माणूस उघडा पडतो. सुधारला का? ते या शब्दांत कुठेच नाही.

आगपाखड घ्या. काय शब्द केलाय आपल्या आजीपणजीने! पाखडायचं असतं धान्य, सुपात घेऊन. फोलपट उडावं आणि दाणा राहावा म्हणून. सुपात आग घेऊन पाखडायला लागला तर काय होईल? आधी सूपच जळेल ना! ज्याच्यावर उडाली तो लांब उभा आहे, त्याला ठिणगी लागेल नाही लागेल. सूप तर आपलंच, आपल्याच हातातलं.

आणि तोंडसुख! हा तर सगळ्यांत खरा शब्द. ज्याने काढला त्याला मी साष्टांग नमस्कार घालतो. बोलणारा सांगतो, 'मी त्याच्या भल्यासाठी बोललो.' भाषा सांगते, खोटं! सुख कोणाला झालं? तोंडाला.

याच्याहून मजा पुढे आहे. काही शब्द तर आपण देवघरातून चोरलेत. 'त्याने माझी चांगली पूजा बांधली.' 'आईबापाचा उद्धार केला.' उद्धार! जो उद्धार व्हावा म्हणून आपण इंद्रायणीत बुडी मारतो, तो एसटीत जागेवरून भांडण झालं की दोन मिनिटांत होतो. आणि शिव्यांची लाखोली. लाखोली म्हणजे काय? देवाला लाख बेलाची पानं, लाख तुळशीची पानं मोजून वाहायची. घरातल्या म्हाताऱ्या महिना-महिना मोजत बसायच्या, ताम्हनात पानं ठेवून. ती लाखोली आम्ही शिव्यांना दिली. मोजून तुळस वाहायचा कंटाळा येतो, पण शिव्या वाहताना आकडा चुकत नाही!

(हशा)

हसलात ना? हसा, पण तसं आहे खरं.

मात्र याच भाषेत दुसरे शब्दही आहेत. त्यात कातडं नाही, कान आहे. कानउघाडणी. कान पिळणे. कान टोचणे. 'सोनारानेच कान टोचावे' असं आपण म्हणतो. का हो? सुई सगळ्यांकडे असते. बाभळीचा काटा तर रानात पडलेला आहे. पण काटा टोचला तर मोडून आत राहतो आणि पिकतो. सोनार टोचतो तेव्हा एका हाताने कानाची पाळी धरतो, टोचतो आणि लगेच त्या भोकात सोन्याची तार घालतो. लेकरू रडतं, रडणारच. पण उद्या तेच लेकरू आरशात बघतं. भोक पाडल्यावर त्यात घालायला सोनं ज्याच्या हातात नाही, त्याने सुई कशाला उचलावी?

आता एक घडलेलं सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. सांगितलं तर मीही कोणाची तरी लक्तरं वेशीवर टांगायला बसलो असा अर्थ होईल.

सप्ताहाला गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो ते घर माळकऱ्यांचं, तीन पिढ्यांची वारी. जेवायला बसलो. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. भिंतीवर एका मुलाचा फोटो, शाळेच्या गणवेशातला. मी सहज विचारलं, 'बाबा, चिरंजीव कुठे असतात?' तर म्हणाले, 'चाकणला, कंपनीत.' 'येतात का सप्ताहाला?' बाबा ताटात बघत राहिले. आई वाढत होती, ती म्हणाली, 'सात वर्षं झाली महाराज.'

मग हळूहळू कळलं. मुलगा बारावीला नापास झाला. निकालाच्या दिवशी बाबा पारावर बसले होते, दहा माणसं भोवती. मुलगा समोरून आला. कोणीतरी विचारलं, काय झालं रे निकालाचं? आणि बाबांनी सुरुवात केली. चांगला अर्धा तास. शेवटी म्हणाले, 'आमच्या आव्यातलं हेच एक मडकं फुटकं निघालं.' माणसं हसली. मुलगा काही बोलला नाही. संध्याकाळी जेवला, सकाळच्या गाडीने गेला. वाईट मार्गाला लागला का? नाही. नोकरी करतो, दर महिन्याला पैसे पाठवतो, पैसे मिळाले का म्हणून फोन करतो. आला मात्र नाही.

बाबा मला म्हणाले, 'महाराज, बापाने बोलायचं नाही का? मी त्याच्या भल्यासाठीच बोललो.' मी उत्तर द्यायच्या आधीच ती आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'भल्याचं बोलायला पारच लागत होता का?'

मी एवढी वर्षं कीर्तन करतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, पंधरावा श्लोक. दुसऱ्याच्या मनाला उद्वेग होणार नाही असं, खरं, प्रिय आणि हिताचं. चारही पाहिजेत. त्याच्या आधीच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्ती सांगताना दंभ, दर्प, अभिमान, क्रोध आणि मग पारुष्य म्हणजे कठोरपणा, असा क्रम लावलाय देवाने. त्यावर मी दोन-दोन तास निरूपण केलंय. पण त्या आईने एका वाक्यात केलं तेवढं मला कधी जमलं नाही. हित होतं बापाच्या मनात, मी नाही म्हणत नाही. पण हित एका माणसाचं आणि श्रोते दहा, हा हिशेब कसा जमायचा? आणि आता तर पार खिशात आलाय. दिंडीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, रात्री अकराला एकाने दुसऱ्याला झोडायचं आणि दीडशे जणांनी उशीवर डोकं ठेवून वाचायचं. असो. तो विषय काढला तर पहाट होईल.

(ज्ञानोबा माउली तुकाराम)

कोणी म्हणेल, महाराज, संतांनी काय कमी झोडलंय का? तुकोबारायांनी दांभिकांना ठेवलं का काही? बरोबर आहे. पण तुकोबाराय बोलले त्याच्या आधी त्यांनी काय केलं ते आपण सोयीने विसरतो. घरात सावकारी होती. कुळांची कर्जखतं होती. दुष्काळ गेला तेव्हा अर्धी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची याच इंद्रायणीत सोडली. मग लोभावर बोलले. आणि गाथा उघडून बघा, सगळ्यांत जास्त खरडपट्टी कोणाची आहे? स्वतःची. पतित म्हणून, अपराधी म्हणून स्वतःला इतकं बोलून घेतलंय, की दुसऱ्याच्या वाट्याला उरलंय ते थोडंच. आम्ही कर्जखतं तिजोरीत ठेवतो आणि तुकोबांचा फक्त कोरडा तेवढा उचलतो.

आता मुक्ताईकडे परत येऊ. आळंदीत एक विसोबा होते. विसोबा चाटी. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. पैसा होता, मान होता, आणि जीभ होती. या चार लेकरांचा त्यांना भारी तिटकारा. जिथे दिसतील तिथे बोलायचे. ही कथा महिपतींनी भक्तविजयात सांगितली आहे, गावोगाव पोथीतून ऐकलीत तुम्ही. एकदा निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई निघाली खापर आणायला. मांडा तव्यावर होत नाही. उपडं खापर तापवायचं, हातावर पोळी मोठी करत न्यायची आणि अलगद वर टाकायची. विसोबांनी कुंभारवाड्यात ताकीद दिली, या पोरीला भांडं द्यायचं नाही. पोर रिकाम्या हाताने रडत घरी आली. हे लक्षात ठेवा, कुंभाराच्या दारातून मुक्ताई रिकामी परतली. पुढे पुन्हा कुंभार येणार आहे.

ज्ञानदेवांनी काय केलं? जठराग्नी चेतवला, पाठ तापवली आणि म्हणाले, मुक्ते, भाज. पाठीवर मांडे भाजले. विसोबा बाहेरून डोकावून बघत होते, मजा बघायला आले होते. बघता बघता गळ्यात आलं. आत धावले आणि त्या लेकरांच्या ताटातलं उष्टं उचलून खायला लागले. ज्यांची सावली नको होती त्यांचं उष्टं! तेव्हा त्या भावंडांच्या तोंडून शब्द निघाला, 'खेचरा, दूर हो.' खेचर म्हणजे गाढव आणि घोडा यांच्यातलं ते जनावर.

म्हणजे काय महाराज, माउलींच्या घरातूनही कठोर शब्द निघाला? निघाला. मी लपवत नाही. जन्मभर ज्याने बोलून घेतलं, तो ताटात हात घालतो तेव्हा निघतो तोंडून. पण पुढे जे झालं ते बघण्यासारखं आहे. विसोबा दार आपटून गेले नाहीत. 'एवढा मी पाया पडतोय आणि तुम्ही मला असं म्हणता?' असं म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांनी उचलला आणि नाव म्हणून लावला. विसोबा खेचर. आणि शब्दाचं नशीब बघा. संस्कृतात ख म्हणजे आकाश. खेचर म्हणजे आकाशात फिरणारा. योग्यांच्या भाषेत ती मोठी अवस्था. खाली बघितलं तर जनावर, वर बघितलं तर सिद्ध. अक्षरं तीच.

इथे एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणीतरी माझं नाव सांगून सुनेला बोलेल आणि म्हणेल, 'घे नाव म्हणून.' तसं नाही माउली. विसोबांनी ते घेतलं कारण आपण काय केलंय ते त्यांना माहीत होतं. 'संन्याशाची पोरं' हे त्या चौघांनी नाव म्हणून कुठे लावलं? नाही लावलं. पोरांचा अपराध काय होता? बिनअपराधाचं बोलणं सोसणाऱ्याला आपण मिरवायला सांगू नये. ते बोलणाऱ्याने परत घ्यायचं असतं, आणि ते परत न्यायला त्या दारात स्वतः जावं लागतं, जसे विसोबा गेले.

आता कुंभार. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानकाका, मुक्ताई, आणि पंढरपूरचे नामदेवराय. नामदेव म्हणजे देवाचे लाडके. देव ज्यांच्या हातचं जेवतो, ज्यांच्याशी बोलतो. ते माहीत होतं त्यांना, आणि ते चेहऱ्यावरही दिसत होतं थोडं. मुक्ताई म्हणाली, 'काका, हे हातात काय?' गोरोबा म्हणाले, 'थापटणं गं. याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं.' मुक्ताई म्हणाली, 'मग आम्हीही मडकीच की. आमच्यात कच्चं कोण ते बघा ना.' पोरीच्या जातीने खोडी काढली खरी, पण खोडीत डोळा होता. ज्या पोरीला कुंभाराने खापर दिलं नाही, तिने कुंभाराला माणसं तपासायला बसवलं.

गोरोबा उठले. एकेकाच्या डोक्यावर थापटणं. निवृत्तिनाथ शांत. ज्ञानोबा शांत. सोपान, मुक्ताई शांत. नामदेवांवर आलं आणि नामदेव उसळले. घरी बोलावून संतांना मारता, ही कुठली रीत? गोरोबा म्हणाले, 'हे मडकं कच्चं आहे.'

सगळ्यांच्या देखत म्हणाले हो! मंडळी हसली. मग हा पारच झाला की. त्या बापात आणि गोरोबांत फरक काय? मी बरीच वर्षं यावर विचार केलाय आणि मला दोन गोष्टी दिसल्या.

एक कुंभाराच्या हातात आहे. कधी कुंभारवाड्यात उभे राहिला असाल तर बघितलं असेल. ओलं मडकं थापटताना कुंभार बाहेरून मारतो, पण दुसरा हात आत असतो, गोटा धरून. जिथे बाहेरून मारायचं, बरोबर तिथेच आतून आधार. आतला हात काढला आणि मारलं तर एका फटक्यात चिखल. नामदेवांना आतून कोणी धरलं होतं? तीच मंडळी, ज्यांनी त्यांना बरोबर बसवलं, एका पंक्तीला जेवले, आणि कच्चं ठरल्यावरही 'ऊठ इथून' म्हणाले नाहीत. ज्याच्या डोक्यावर मारलं त्याला आपलं मानून मारलं, आणि तेच थापटणं निवृत्तिनाथांच्या डोक्यावरही पडलं. एकालाच निवडून नाही. माउलींनाही तोच फटका.

आणि दुसरी गोष्ट शब्दात आहे. गोरोबा काय म्हणाले? कच्चं. फुटकं नाही म्हणाले. कच्चं म्हणजे अजून व्हायचंय. कच्च्याला आवा आहे, विस्तव आहे, उद्याचा दिवस आहे. फुटक्याला काय आहे? उकिरडा. त्या बाबांनी एकच शब्द बदलला असता! 'पोरगं कच्चं आहे हो अजून' म्हटलं असतं, तर दहाजण हसले असते, पोरगं रुसलं असतं, दोन दिवस जेवलं नसतं. आणि पुन्हा परीक्षेला बसलं असतं.

आळंदीहून चाकण काही फार लांब नाही. एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

नामदेव रडत पंढरपूरला गेले. देवाला सांगितलं, 'देवा, मला सगळ्यांत कच्चा म्हणाले.' काय वाटलं होतं त्यांना? देव म्हणेल, कोण म्हणतो माझ्या नाम्याला कच्चा? देव म्हणाला, 'खरं आहे ते.' विठ्ठल, विठ्ठल! ज्याच्याकडे तक्रार घेऊन गेलो त्यानेही तेच सांगितलं. पण देवाने नुसतं सांगून सोडलं नाही, पत्ता दिला. औंढ्या नागनाथाला जा. तिथे तुझे गुरू आहेत. कोण? विसोबा खेचर.

कथा कशी फिरली बघा माउली. ज्याच्या जिभेने मुक्ताईला कुंभाराच्या दारातून रिकामं पाठवलं, मुक्ताईच्या खोडीने ज्याला कुंभाराचा फटका बसला, त्याला देवाने त्या जिभेच्याच घरी पाठवलं. आणि एक कापडाचा व्यापारी, दुसरा शिंपी. कापड एकाचं, शिलाई दुसऱ्याची! देवाला हिशेब बरोबर जमतो.

नामदेव औंढ्याला पोहोचले. देवळात शिरले. बघतात तर एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून झोपलेला. अंगावर जखमा, माश्या घोंघावतायत. नामदेव अजून कच्चेच होते, आव्यात गेले नव्हते. लगेच तोंड सुटलं. 'अहो म्हातारबा, उठा! देवावर पाय ठेवता? डोळे फुटले का?'

आता इथे थांबा क्षणभर. बोलला कोणाला तो? एके काळी आळंदीत ज्याच्या जिभेपुढे कोणी उभं राहत नव्हतं त्या माणसाला. विसोबा चाटी असते तर त्यांनी काय केलं असतं? ज्या जिभेने लेकरांना सोडलं नाही तिने या शिंप्याच्या पोराची सालटी काढून हातात दिली असती. शब्दांची काही कमी नव्हती त्यांच्याकडे. सगळे शब्द येत होते, मघाशी आपण मोजले ते सगळे.

म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, 'बाबा रे, म्हातारा झालोय, माझ्याने हलवत नाही. तूच माझे पाय उचल, आणि जिथे देव नसेल तिथे ठेव.'

नामदेवांनी पाय उचलले. उत्तरेला ठेवले, खाली पिंड. दक्षिणेला ठेवले, पिंड. जिथे ठेवतील तिथे पिंड. पायात धरलेला तो म्हातारा, आणि त्याचे पाय कुठे ठेवावेत हे काही नामदेवांना कळेना. शेवटी ते पाय त्यांनी आपल्या डोक्यावर ठेवले. त्याच डोक्यावर, जिथे थापटणं बसलं होतं.

परवा त्रयोदशी, समाधीचा दिवस. शके १२१८ ला याच दिवशी माउली समाधीला बसले तेव्हा नामदेवराय इथे होते. त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या अभंगांतून आपण परवा ऐकणार आहोत. आणि त्यांच्या अभंगांत गुरू म्हणून नाव येतं ते खेचराचं. चाटी हे नाव येत नाही.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

आरतीला उभे राहा. म्हाताऱ्या माणसांना आधी वाट द्या.